फोटोपुरती प्रयोगशाळा

आमच्या शाळेत प्रयोगशाळा सकाळी साडेनऊला आली आणि साडेअकराला ती परत जायची होती. गेली नाही, याचं श्रेय माझं नाही. विज्ञान मी शिकवते, पण त्या दिवशी त्या दोन तासांत मी काय करत होते म्हणाल, तर टेबलं पुसत होते. फोटोत धूळ दिसू नये म्हणून.

शाळा सरकारी. पाचवी ते आठवी, दोनशे बारा मुलं. मला तिथं नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं मी सूक्ष्मदर्शक फळ्यावर काढून दाखवत होते. आधी नळी, मग भिंग, मग बाण काढून नावं. पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात असं सांगायचे आणि मुलं वहीत विटा काढायची. दरवर्षी एखादा हात वर व्हायचा, "बाई, तुम्ही बघितल्यात?" मी बघितल्या होत्या, कॉलेजात. "तुम्हालाही दाखवणार आहे," म्हणायचे. ती मुलं पुढं मोठी झाली, कामाला लागली. माझं दाखवणं राहिलंच.

आता लाज वाटते ती गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी हेडसरांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला होता. काचसामान आणि रसायनं मिळाल्याची पोच. सामान आलेलं नव्हतं.

"करून टाका सही, बाई," ते म्हणाले. "सही गेली की अनुदानाचा पुढचा हप्ता सुटतो. नाहीतर छपराचे पैसेही अडकतील. वर्षअखेर आहे."

हेडसर वाईट माणूस नव्हे. स्वतःच्या पगारातून त्यांनी पाण्याची टाकी दुरुस्त करून घेतली होती. छप्पर खरंच गळत होतं. मी सही केली. छप्पर अजून गळतं.

टेलरताईंचं दुकान शाळेच्या मागच्या फाटकासमोर. एक खोली, दोन मशीन. एकावर त्या, आणि दाराशी उजेडात त्यांच्या सासूबाई काजं-बटणं करत बसलेल्या. नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेर. मुलगी माझ्याच वर्गात, सातवी अ मध्ये. पालकांच्या समितीला अध्यक्ष हवा होता. कोणी तयार होईना, तेव्हा हेडसरांनी ताईंचं नाव सुचवलं. बाई कामात असते, फार बोलत नाही, सांगू तिथं सही करेल, असा सगळ्यांचाच हिशेब होता.

पहिल्याच बैठकीत हिशेब चुकला. वर्षाचा खर्चाचा आराखडा चौदा पानांचा. आधीचे अध्यक्ष शेवटचं पान उघडून सही करायचे आणि चहा प्यायचे. ताईंचा चहा गार झाला. त्या पहिल्या पानापासून वाचत होत्या, बोट ओळीखाली ठेवून.

"ताई, ते सगळं वरूनच ठरून येतं," हेडसर म्हणाले. "वाचून काही बदलत नाही."

"असू दे हो. माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही." बोट एका ओळीवर थांबलं. "सात नंबरच्या खोलीत प्रयोगशाळा मंजूर, असं लिहिलंय. तिथं तर मोडकी बाकं आहेत."

"येणार आहे."

"कधी?"

"येईल."

आणि खरंच आली! एका मंगळवारी सकाळी शिक्षण कार्यालयातून फोन आला. खोली रिकामी करा, साहित्य निघालंय, साहेब स्वतः फोटोला येतायत. मी वेड्यासारखी पळत सुटले. सातवीच्या मुलांनी मोडकी बाकं ओढून मागच्या भिंतीला लावली, कोणी झाडलं, कोणी पाणी मारलं. ट्रक आला. सहा टेबलं, चोवीस स्टुलं, काचेचं कपाट, दोन सूक्ष्मदर्शकं, तक्ते, आणि चाकाच्या स्टँडवर उभा माणसाचा प्लॅस्टिकचा सांगाडा. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली होती. पाच मिनिटांत पोरांनी त्याला नाव दिलं, 'हडकुळेसर'.

साहेब आले. फोटो निघाले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेली मी, शेजारी कौतुकानं बघणारे साहेब. भिंगाखाली काहीच नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, दोन मिनिटं द्या. कांद्याची साल ठेवते. मुलं बघतील तरी."

ठेकेदाराचा मुकादम पुढं आला. "हात नका लावू, बाई. ओरखडा पडेल."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं ते साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर. हमालांनी कडेची चार स्टुलं उचलली आणि ट्रककडं चालायला लागले.

"अहो, हे काय?"

"हे नमुन्याचं आहे," मुकादम म्हणाला. "तुमचं नंतर येईल."

"नंतर म्हणजे कधी?"

"वरून येईल तेव्हा."

मी हेडसरांकडं बघितलं. ते आपल्या चपलांकडं बघत होते. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दारात चाळीस पोरं उभी, सकाळपासून घामाघूम झालेली. मोठी माणसं अशीच वागतात, हे त्यांनी त्या क्षणी शिकून घेतलं. तेही आमच्याच शाळेत, फुकट. मला रडू येत होतं, पण तोंड उघडत नव्हतं. माझी एक खोटी सही कुठल्यातरी फायलीत होती ना. तिनंच जीभ धरून ठेवली होती.

सही घ्यायला ताईंना बोलावणं गेलं होतं. त्या आल्या, गळ्यात टेप तसाच, बोटाला शिवणाचं टोपण तसंच. हेडसरांच्या खोलीत टेबलावरचा कागद त्यांनी उभ्या उभ्याच वाचला.

"'वरील सर्व साहित्य सुस्थितीत मिळाले.' मिळालं?"

"आलं होतं ना, ताई," हेडसर हलक्या आवाजात म्हणाले.

"आणि ते चाललंय ते?"

ताईंनी कागद घडी करून पिशवीत टाकला, मैदान ओलांडलं, सात नंबरच्या खोलीत शिरल्या, एक स्टूल ओढून नेमकं दाराच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर बसल्या. जरा हलून बघितलं.

"सुस्थितीत आहे," त्या म्हणाल्या. "मिळालं."

मुकादमाला आधी गंमत वाटली. "ताई, उठा. साडेबाराला पुढच्या शाळेत पोचायचंय."

"पुढच्या शाळेत? हेच घेऊन?"

मुकादमानं जीभ चावली. पण ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून बाहेर डोकावून बसलेला होता, भुकेला आणि वैतागलेला. तो ओरडला, "ही अकरावी शाळा! आज अजून दोन आहेत. लवकर उरका की!"

म्हणजे लुटायचंही ते एका ट्रकमध्ये! सामान विकत घ्यायचा खर्चही धड करायचा नाही. चोरीतही काटकसर!

ताई माझ्याकडं वळल्या. रागावून नव्हे. एखादीला भाजीचा भाव विचारावा तसं त्यांनी विचारलं, "बाई, आत्ता तुमचा तास कुठल्या वर्गावर आहे?"

"सातवी अ."

"मग घ्या ना."

तीनच शब्द होते ते. नऊ वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. मी मुलांकडं बघितलं आणि कुठून तो आवाज आला देव जाणे, "सातवी अ! आत चला! आणि ट्रकमधली चार स्टुलं खाली घ्या!"

एकेचाळीस मुलं आत घुसली. एका स्टुलावर दोघं, काही खिडकीत, काही हडकुळेसरांच्या पायाशी. हमालांनी मुलांना वाट करून दिली. त्यातल्या एकानं तर स्टुलं स्वतःच खाली उतरवून दिली. एका मुलीच्या डब्यात कच्चा कांदा होता. मी साल काढली, काचपट्टीवर पसरली, पाण्याचा थेंब टाकला, शाईचा एक ठिपका लावला. पहिली ताईंचीच मुलगी उभी राहिली. एक डोळा गच्च मिटून तिनं बराच वेळ बघितलं.

"बाई! खरंच विटांसारखं आहे! तुम्ही खोटं नव्हता सांगत!"

नऊ वर्षं माझ्या मुलांना शंका होती तर.

मुकादम आधी ओरडला, मग त्यानं फोन फिरवले, मग पोलिसांची भीती घातली. तोवर मागच्या गल्लीतून आणखी आया आल्या होत्या. कोणी हात ओले घेऊन, कोणी तान्हं कडेवर घेऊन. त्या दाराबाहेर ताईंच्या मागं नुसत्या उभ्या राहिल्या. हेडसर माझ्यापाशी येऊन कुजबुजले, "बाई, निवृत्तीला माझी दोनच वर्षं राहिलीत हो."

"सर, आठवी ब रिकामी बसलीय," मी म्हटलं. "तिलाही पाठवा."

ते गेले आणि स्वतः आठवी ब ला रांगेत घेऊन आले. ट्रक चार वाजता रिकामा गेला.

आठ दिवसांनी नोटीस आली. शासकीय कामात अडथळा, हेडसर आणि समिती अध्यक्षांनी हजर राहावं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. नोटिशीबरोबर शाळेचा पुढचा हप्ताही थांबला. विजेचं बिल थकलं. गणिताचे सर मानधनावर होते, ते येईनासे झाले. आणि शाळेच्या गणवेशाचं काम पाच वर्षं ताईंच्या दुकानात होतं, एकशे चाळीस जोड. ते 'कार्यालयाच्या सूचनेनुसार' दुसरीकडं गेलं.

मग पालक कुरकुरायला लागले. मी स्वतः ऐकलं, दुकानाच्या दारात एक बाप ताईंना म्हणत होता, "स्टुलांच्या नादात आमच्या पोरांचं गणित घालवलंत."

ताईंनी मशीन थांबवलं नाही. पण तो गेल्यावर त्यांची शिवण वाकडी गेली होती, ती त्यांनी उसवली. मी बाजूला बसले होते. सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या. न बघताच म्हणाल्या, "सहा महिन्यांची काजं गेली माझी. जाऊ देत. पण त्या ट्रकवाल्यापुढं उठून उभी राहिली असतीस ना, तर मी तुला घरात घेतलं नसतं."

"मग आता जेवायला काय घालू, तेही सांगा," ताई म्हणाल्या. हसल्या दोघी, पण तो प्रश्न खराच होता. गणिताचा तास मी घ्यायला लागले, शाळा सुटल्यावर.

सुनावणीला मीही गेले, न बोलावता. कार्यालयाच्या वऱ्हांड्यात आम्हाला दीड तास बसवलं. समोरच्या भिंतीवर नवे कोरे फोटो होते, चौकटीत बसवलेले. वर पाटी, 'आदर्श प्रयोगशाळा'. अकरा शाळा. ताई उठून एकेक फोटो बघत गेल्या. शेवटपर्यंत गेल्या आणि पुन्हा पहिल्यापासून बघत आल्या.

"बाई, इकडं या. बोटं मोजा."

अकरा फोटोंत अकरा खोल्या, अकरा निरनिराळ्या बाई आणि सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. आणि अकराच्या अकरा ठिकाणी मागं हडकुळेसर उभे, डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली. त्यातल्या एका चौकटीत मी होते, हसत.

ताईंनी दोन चौकटी भिंतीवरून काढल्या, काखेत मारल्या आणि आमचं नाव पुकारल्यावर आत जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"तुम्हीच सांगा. हा सांगाडा किती शाळांत शिकवतो?"

साहेबांनी बघितलं. चेहरा हलला नाही. "एकाच कंपनीचे सांगाडे सारखेच असतात."

"बोटंही सारखीच तुटतात?"

साहेब मागं रेलले. मग समजूतदारपणे, लहान मुलाला सांगावं तसं बोलायला लागले. "ताई, तुम्ही शिवणकाम करता. खर्चाच्या गोष्टी तुम्हाला कशा कळणार? पैसा उशिरा येतो. वर्ष संपायला आठ दिवस उरतात. त्या आत खर्च दाखवला नाही, तर सगळा परत जातो. आम्ही तो कागदावर दाखवून वाचवतो. मुलांसाठीच ना!"

"वाचवलेला कुठाय?"

"ती प्रक्रिया असते."

"साहेब," ताईंचा आवाज पहिल्यांदा चढला, "गिऱ्हाईकाचं कापड मी घेतलं, शिवलं नाही, आणि वर्षभर म्हटलं की मी ते तुमच्यासाठीच वाचवतेय, तर गिऱ्हाईक मला काय म्हणेल? तुम्ही अकरा शाळांचं कापड घेतलंत! माझी पोरगी एक डोळा मिटून बघत होती, साहेब. आणि तुमचा माणूस म्हणतो ओरखडा पडेल!"

साहेब हेडसरांकडं वळले. "या बाईंना आवरा. तुमच्या शाळेच्या पोचा आजवर व्यवस्थित येत होत्या. तेव्हा तक्रार नव्हती."

तो बाण होता आणि लागला मला. मी उभी राहिले.

"त्या पोचांमधली काचसामानाची सही माझी आहे, साहेब. सामान आलं नव्हतं. मी खोटी सही केली. मला तसं लिहून द्यायचंय. आत्ताच. कागद द्या."

"बाई, नोकरीचा विचार करा."

"नऊ वर्षं तेवढाच केला."

कागद कोणी देईना. ताईंनी पिशवीतून बिलबुक काढलं, पानं उलटी करून मला दिली. मी पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. खाली सही केली. हेडसर बघत होते. मग त्यांनी खिशाचं पेन काढलं आणि माझ्या सहीखाली एक ओळ लिहिली: 'मीच करायला सांगितली.' त्या म्हाताऱ्या माणसाचं अक्षर मी इतकं वाकडं कधी पाहिलं नव्हतं.

चौकशी लागली. सरकारी काम आणि सहा महिने थांब. इथं चार महिने लागले, हे नशीबच. पण त्या चार महिन्यांत काय झालं? पुरावा म्हणून सात नंबरच्या खोलीला सील ठोकलं! कपाट, टेबलं, सूक्ष्मदर्शकं, सगळं आत आणि मुलं खिडकीच्या गजांना धरून बाहेर. चोराला नेऊ दिलं नाही म्हणून शिपायानं कुलूप लावलं. दर सोमवारी दुकान बंद ठेवून ताई कार्यालयात जायच्या आणि विचारायच्या, "पुराव्यावर मुलांना धडा शिकायचाय. कधी सोडता?" पुढं त्यांच्याबरोबर फोटोतल्या दुसऱ्या शाळांमधल्या आया यायला लागल्या. दोघी, मग पाच, मग मोजायचं मी सोडलं. शेवटी सील निघालं.

निकाल लागला तो असा. साहेबांची बदली झाली, दुसऱ्या कार्यालयात, तसल्याच खुर्चीवर. ठेकेदाराला काळ्या यादीत टाकलं. आता त्याच्या मेव्हण्याच्या नावानं कंपनी आहे. माझी एक वेतनवाढ बंद झाली. ती व्हायलाच हवी होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. हेडसरांचं निवृत्तिवेतन आठ महिने अडलं, मग सुटलं. आमचा हप्ता सुरू झाला. गणवेशाचं काम ताईंना परत मिळालं नाही. त्या आता पडदे शिवतात.

आणि बाकीच्या दहा शाळा? प्रयोगशाळांचे पैसे खर्च झालेच नव्हते असं चौकशीत सिद्ध झालं, म्हणून ते खजिन्यात परत गेले. चोरी पकडून दिली आणि त्याची शिक्षा मुलांना झाली. ताईंनी दहाही शाळांसाठी अर्ज केले. उत्तर एकच, दहा वेळा टाइप केलेलं: 'सदर बाब चालू वर्षाच्या आराखड्यात समाविष्ट नाही. निधी उपलब्ध झाल्यास विचार करण्यात येईल.' त्याच वर्षी कार्यालयाच्या सभागृहाला नवं छत बसलं, गारेगार यंत्रासकट. तो निधी उपलब्ध होता.

आता दर शनिवारी त्या दहांपैकी एक शाळा आमच्याकडं येते. सगळ्यात लांबची मुलं पाऊण तास चालतात. लोक म्हणतात, केवढा छान उपक्रम, बाई! मला हे कौतुक ऐकलं की संताप येतो. यात छान काय आहे? त्यांच्या वाट्याचं त्यांच्या शाळेत असायला हवं होतं.

मागच्या शनिवारी पाचवीतली एक लहानगी, पायाला धूळ, मला म्हणाली, "बाई, आमच्या शाळेत हे का नाही?"

पूर्वी मी म्हटलं असतं, येईल. मी सूक्ष्मदर्शकावर झाकण घातलं, त्या सगळ्यांना जवळ बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. पैसे कोण भरतं, कोण मंजूर करतं, कुठं थांबतात, कोण सही करतं. मी केलेली सहीही सांगितली. त्यांचे सर मागं अस्वस्थ होऊन खोकत होते. मी थांबले नाही. ती मुलगी वहीत लिहून घेत होती. मध्येच तिनं हात वर केला.

"बाई, आमच्या समितीची अध्यक्ष कोण आहे?"

सरांनाही ते ठाऊक नव्हतं. "विचारते," ती म्हणाली आणि ते वहीत लिहून घेतलं.